दूध तोडलेले बालक : भरवसा आणि भय यांविषयी एक अभ्यास

शास्त्रवाचन : स्तोत्र १३१, स्तोत्र २२:९-११, १ शमुवेल १:२१-२८ व २:१८-१९, यशया ११:८, १ योहान ४:१६-१८

स्तोत्र १३१ अवघ्या तीन वचनांचे आहे. यरुशलेमेस चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पंधरा गीतांपैकी ते एक. त्याच्या मधल्या वचनात स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला आईजवळ असलेल्या, अंगावरून तोडलेल्या बालकाची उपमा देतो आणि आपला जीव तसा निवांत झाला आहे असे सांगतो.

काही वर्षांपूर्वी या स्तोत्राचा मसुदा पडताळून पाहण्यासाठी आम्ही नगरकडच्या एका खेड्यात बसलो होतो. भाषांतर सुबोध झाले आहे की नाही हे पाहण्याची रीत अशी की, वचन वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्यांना काय उमगले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे. वचन संपते न संपते तोच एक तरुण आई म्हणाली, “दूध तोडलेलं पोर निवांत कुठं असतं? ते तर रात्रभर रडतं.” आमची लेखणी थांबली. तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, “अगं, रडून झाल्यावरचं सांगतोय तो. मग ते मांडीवर नुसतं बसतं. काही मागत नाही.”

त्या आजीने जे सांगितले ते कित्येक भाष्यकारांना एवढ्या थोडक्यात सांगता आलेले नाही. तान्हे मूल आईजवळ येते ते भुकेने येते. दूध तुटलेले मूलही आईजवळच येते, परंतु आता ते आईसाठी येते. या दोन अवस्थांच्या मध्ये काहीतरी घडले आहे. काय घडले आहे, कसे घडते, आणि ते नीट घडले नाही तर काय होते, हा या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी आपण आधी मूळ इब्री शब्दांकडे, मग शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेकडे आणि त्यानंतर कावेरीच्या मुखाजवळील तंजावरच्या गावांकडे वळणार आहोत. या तीन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध काय, असे वाचकाला प्रथम वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

तोडणे नव्हे, पिकणे

मराठीत आपण ‘दूध तोडणे’ म्हणतो. शब्दातच एक झटका आहे. इब्रीत या वचनात आलेला शब्द ‘गामूल’ हा आहे आणि त्याचे मूळ क्रियापद ‘गामाल’. त्याचा अर्थ तोडणे असा नाही. एखाद्याला भरपूर देणे, त्याचे बरे करणे, या अर्थाने ते स्तोत्र ११६:७ मध्ये येते. यशया १८:५ मध्ये तेच क्रियापद द्राक्षांसाठी वापरले आहे : फूल गळून द्राक्ष पिकू लागते तेव्हा. आणि गणना १७:८ मध्ये अहरोनाच्या काठीला पालवी फुटली, फुले आली आणि बदाम पिकले, तेथेही पिकण्याचे क्रियापद हेच आहे. म्हणजे इब्री मनाला दूध सुटलेले मूल हे तुटलेले मूल नव्हते. ते पोटभर दिलेले आणि म्हणून पिकलेले मूल होते. अब्राहामाने इसहाकाचे दूध तोडण्याच्या दिवशी मोठी मेजवानी दिली (उत्पत्ती २१:८), ती का, हे यावरून कळते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई आपण मुलाला तीन वर्षे अंगावर पाजले असे सांगते; तेव्हा ही पिकण्याची मुदत पुष्कळ लांब होती.

दुसरे वचन स्तोत्र २२:९. वधस्तंभावर प्रभूच्या मुखी याच स्तोत्राचा आरंभ आला, म्हणून ते आपल्या परिचयाचे आहे. त्यागलेपणाच्या त्या आकांतात स्तोत्रकर्ता एकाएकी आपल्या तान्हेपणाकडे वळतो आणि म्हणतो की, आईच्या स्तनांशी असतानाच देवाने त्याला भरवसा धरावयास लाविले. येथे ‘बाताह’, म्हणजे भरवसा ठेवणे, या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. बालकाने विचार करून भरवसा ठेवला, असे तेथे म्हटलेले नाही. त्याच्याकडून तो ठेवविला गेला. करविणारा देव, आणि जागा आईचा ऊर. आपल्या भाषेत अशा प्राणिमात्रांना ‘सस्तन’ म्हणतात. हा शब्द शाळेत पाठ करताना त्यात एवढा अर्थ भरलेला आहे असे आपल्या मनातही येत नाही.

पिलाच्या मेंदूत काय घडते

आता प्रयोगशाळेकडे. काही बंधूंना असे वाटते की, पवित्र शास्त्राच्या पाठात उंदरांचे काय काम? त्यांचे भय अगदीच अनाठायी नाही. उंदराच्या पिलावरून दाविदाचे स्तोत्र सिद्ध होत नाही, आणि होऊ नये. परंतु ज्याने आपले अंतर्याम निर्माण केले (स्तोत्र १३९:१३), त्याच्या हातची कारागिरी पाहण्यास कोणाची हरकत असावी?

मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांमागे खोलवर, चेतापेशींचे एक एक पुंजके आहे. बदामासारखा आकार म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला ग्रीक भाषेतील बदामाचे नाव दिले : अमिग्डला. भय शिकण्यात आणि संकटाची खूण ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. अहरोनाच्या काठीवरील बदामांसाठी आलेले क्रियापद आणि दूध सुटलेल्या मुलासाठी आलेले क्रियापद एकच, हे आपण नुकतेच पाहिले. हा योगायोगच आहे, त्यावर कोणी सिद्धान्त उभारू नये. पण भाषांतर करणाऱ्याला अशा योगायोगांचा आनंद लपविता येत नाही.

अमेरिकन संशोधिका रेजिना सलिव्हन यांनी अनेक वर्षे उंदरांच्या पिलांचा अभ्यास केला. उंदराचे पिलू जन्मतः आंधळे व बहिरे असते. आईला ते केवळ वासाने ओळखते, आणि तो वासही त्याला शिकावा लागतो. सलिव्हन यांनी पिलांना एक नवा वास दिला आणि त्याच वेळी विजेचा हलका झटका दिला. मोठा उंदीर अशा वासापासून जन्मभर दूर पळतो. परंतु दहा दिवसांच्या आतील पिले त्या वासाकडे ओढली गेली. झटका त्यांना लागत नव्हता असे नव्हे; लागत होता. पण दुखणे आणि भय यांचा सांधा त्यांच्या मेंदूत अजून जुळलेला नव्हता. या वयात ताणाचे संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरोन, रक्तात अगदी कमी असते, आणि अमिग्डला भय शिकण्याच्या कामात भाग घेत नाही. उलट, वासाच्या केंद्राकडे नॉरॲड्रेनलिनचा मोठा पुरवठा होत असतो, त्यामुळे जो वास आईच्या स्पर्शाबरोबर येतो तो चटकन आवडीचा होतो. याविषयीचा एक महत्त्वाचा शोधनिबंध २००० साली प्रसिद्ध झाला.

असे का असावे? घरट्यात आई पिलांना तुडविते, ओढते, दातांनी उचलते. त्या प्रत्येक दुखण्यावरून पिलू जर आईला भिऊ लागले तर ते मरेल, कारण आईवाचून त्याला दूध नाही, ऊब नाही. म्हणून प्रथम फक्त जवळ जाण्याचे शिक्षण. भयाचे शिक्षण मागाहून.

दहाव्या दिवसाच्या सुमारास पिलू चालू लागते, आणि त्याच सुमारास भयाचा मार्ग उघडतो. आता झटक्याबरोबर आलेला वास ते टाळते. तथापि येथे एक विलक्षण गोष्ट आढळली. २००६ साली सलिव्हन आणि त्यांच्या सहकारी मोरिसो यांनी दाखविले की, या वयाच्या पिलाजवळ आई असेल तर कॉर्टिकोस्टेरोन वाढत नाही, अमिग्डला शांत राहते, आणि पिलू भय शिकण्याऐवजी पुन्हा ओढच शिकते. आई जवळ नसेल तर भय. दिव्याच्या बटणासारखे काम आईचे नुसते असणे करते. हा काळ थोडा असतो. पंधराव्या-सोळाव्या दिवसानंतर आई जवळ असली तरी पिलू भय शिकते. आणखी काही दिवसांनी, साधारणतः एकविसाव्या दिवशी, त्याचे दूध सुटते.

क्रम लक्षात घ्यावा. आधी भरवसा, मग आईच्या सावलीत भयाची ओळख, मग स्वतःच्या पायांवरचे भय, आणि नंतर दूध सुटणे. यशयाने शांतीच्या राज्याचे चित्र काढले तेव्हा तान्हे मूल सर्पाच्या बिळाशी खेळेल असे तर म्हटलेच, पण त्यापुढे जाऊन दूध सुटलेले मूल, पुन्हा तोच ‘गामूल’ शब्द, विषारी सापाच्या बिळात हात घालील, असे म्हटले. तान्ह्याला भय ठाऊकच नसते, तेव्हा त्याच्या खेळण्यात नवल नाही. गामूलला भय ठाऊक झालेले असते. त्याचा हात हेच त्या राज्याचे नवल होय.

याची दुसरी बाजू

या शोधाची दुसरी बाजू वाचून मला काही दिवस अस्वस्थ वाटत राहिले, ते लपवीत नाही. जे पिलू दुखविणाऱ्या वासाकडे ओढले जाते, ते दुखविणाऱ्या आईकडेही ओढले जाते. सलिव्हन यांच्या प्रयोगशाळेत घरट्यासाठी पुरेसे साहित्य न मिळालेल्या आया पिलांशी अत्यंत खडबडीत वागू लागल्या. तरी पिले त्यांनाच बिलगली. मात्र अशा पिलांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वेळेआधी वाढते आणि अमिग्डला वेळेआधी कामास लागते.

पुष्कळ वेळा आपण ऐकतो : “मूल तर त्याच्याकडे धावत जाते, मग तो त्याला मारतो असे कसे म्हणता?” मंडळीत, घरात, वसतिगृहात ही साक्ष निर्दोषपणाची म्हणून दिली जाते. ती साक्ष धरता येत नाही. लहान मुलाचे बिलगणे हे सांभाळणाऱ्याच्या चांगुलपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ते देवाने मुलाला दिलेले जगण्याचे साधन आहे, आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो. लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीचे जे कठोर शब्द उच्चारले (मत्तय १८:६), ते येथे आठवावेत.

तंजावरचा मुलगा

मनुष्याचे मूल उंदराचे पिलू नव्हे. त्याचे पिकणे दिवसांत नव्हे, वर्षांत होते, आणि कपाळामागचा मेंदूचा भाग, जो भयाला आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तेव्हा एका मनुष्याच्या मुलाकडे पाहू. तो मुलगा मराठी बोलणारा होता, आणि त्याच्या आयुष्यात एक ख्रिस्ती सेवक आला.

तंजावर हे मराठी वाचकाला परके नाव नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. कावेरी तेथे अनेक फाट्यांनी समुद्राकडे जाते. मधल्या सपाट, चिखलाच्या भातखाचरांत गावे वसलेली आहेत. अशा खाचरांत चिखलणीला जुंपण्यासाठी तिकडच्या शेतकऱ्याने उंबलाचेरी नावाची गुरांची जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. तिचे वासरू तांबूस जन्मते आणि सहा महिन्यांच्या सुमारास करडे होते. वाढ म्हणजे नुसते मोठे होणे नव्हे, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० साली याच किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरला. तो आयुष्यभर अविवाहित राहिला. तमिळ तर तो शिकलाच, परंतु तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. १७७९ साली त्याने तंजावरच्या धाकट्या किल्ल्यात, शिवगंगा तलावाजवळ, चर्च बांधले.

१७८१ साली हैदरअलीच्या सैन्याने तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला. किल्ल्यात माणसे उपाशी मरू लागली. बाहेर गावांत धान्य होते, बैलही होते. परंतु आधी धान्य आणणाऱ्यांना मोबदला मिळाला नव्हता, म्हणून कोणी येईना. राजाचा शब्द चालेना, कंपनीचाही चालेना. शेवटी राजाने म्हटले की, आपणा सर्वांची पत गेली आहे, लोक श्वार्ट्झवर भरवसा ठेवतात का पाहू. श्वार्ट्झने मोबदल्याची हमी स्वतः घेतली. थोड्याच दिवसांत सुमारे हजार बैल आले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. पुढे जुलमाला कंटाळून शेतकरी गावे सोडून गेले आणि शेते ओस पडली, तेव्हाही राजाच्या आश्वासनावर कोणी परतले नाही. श्वार्ट्झने शब्द दिल्यावर एका दिवसात सात हजार माणसे परतली. हा ‘बाताह’ होय. त्या शेतकऱ्यांनी युक्तिवाद ऐकून भरवसा ठेवला नाही. हा माणूस कित्येक वर्षे त्यांच्याजवळ राहिला होता.

१७८७ साली तुळजाजी राजे मरणपंथास लागले. त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतील एक मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव सरफोजी. १७७७ चा जन्म, म्हणजे वय सुमारे दहा. राजांनी श्वार्ट्झला बोलावून मुलाचा हात त्याच्या हाती देण्याची इच्छा दर्शविली. श्वार्ट्झने नकार दिला. रोज जवळ राहून मुलाला राखणे आपल्या शक्तीबाहेरचे आहे, आपण तर त्याला महिन्यातून एक-दोनदाच पाहू शकू, असे त्याचे म्हणणे होते. राज्य व मुलगा राजांचा सावत्र भाऊ अमरसिंग याच्या स्वाधीन करावा, असा सल्ला त्याने दिला. चरित्रकार हा प्रसंग श्वार्ट्झच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला तो त्याच्या आयुष्यातील मोठ्या चुकांपैकी एक वाटतो, जरी नकाराचे त्याने दिलेले कारण खरे होते. मुलाला जवळ असणारा माणूस हवा, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे व्हावयाचे तेच झाले. अमरसिंगाने स्वतःच राज्य घेतले आणि मुलाला कोंडून ठेवले. अंधारी जागा, उजेड नाही, शिकविणारा नाही. श्वार्ट्झच्या कानी हे आले तेव्हा त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करून मुलाची सुटका करविली, त्याच्यासाठी पहारा आणि शिक्षण यांची व्यवस्था केली, आणि १७९३ साली त्याला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलविले. तेथे गेरिके या मिशनऱ्याने त्याला शिकविले. श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढलेला हा एकटाच मुलगा नव्हे. सहकारी मिशनऱ्याचा मुलगा कोलहॉफ त्याच्याजवळ लहानाचा मोठा झाला. वेदनायगम शास्त्री, जे पुढे तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून विख्यात झाले, त्यांना त्याने बारा वर्षांचे असताना तिरुनेलवेलीकडून तंजावरास आणिले.

या सर्व प्रकरणात कंपनीचे राजकारण होते, हे सांगावयास हवे. १७९९ च्या तहाने सरफोजीने राज्याचा कारभार कंपनीस दिला, आणि श्वार्ट्झच्या उपकारांचा लाभ कोणाला झाला हा प्रश्न इतिहासकार विचारतात तो रास्तच आहे. आपण येथे मुलाकडे पाहत आहोत.

दहा वर्षांचे मूल

सरफोजीच्या मेंदूत काय घडले हे आपण सांगू शकत नाही, आणि तसा दावा करणे खोटेपणाचे होईल. परंतु त्या वयाच्या मुलांविषयी आज पुष्कळ माहिती मिळाली आहे. निम टॉटनहॅम, डिलन जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ व २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, दहा वर्षांच्या सुमारास अमिग्डला आणि कपाळामागचा भाग यांचे नाते पालटू लागते. लहान मुलांत दोन्ही एकाच वेळी चेततात. पुढे कपाळामागचा भाग अमिग्डलाला आवर घालू लागतो. त्याआधीच्या वयात हा आवर कोण घालतो? आई. लहान मुलांना आईचे केवळ छायाचित्र दाखविले तरी त्यांच्या अमिग्डलाची चेतना कमी झाली. किशोरवयीन मुलांत तसे झाले नाही. जे काम पुढे मुलाच्या स्वतःच्या मेंदूला करावयाचे असते, ते तोवर त्याच्या वतीने आई करीत असते.

ज्या मुलांनी आरंभीची वर्षे अनाथालयात काढली, त्यांच्यात हा पालट वेळेआधी झालेला आढळला. वरवर पाहता ही मुले शहाणी, सावध, लवकर समजूतदार झालेली वाटावीत. आंबा अढीत हळूहळू पिकतो. कार्बाइड घातले की रात्रीत पिवळा होतो. बाजारात दोन्ही पिवळेच दिसतात. रुमानियात २००० साली नेल्सन, फॉक्स आणि झीना यांनी सुरू केलेल्या अभ्यासात संस्थेतील १३६ बालकांपैकी काहींना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. ती मुले सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळाले त्यांच्यात जिव्हाळ्याचे नाते अधिक चांगले जुळले.

हे वाचून आपण सावध व्हावे, कारण अनाथांना आसरा देणे हा आपल्या मंडळीचा अभिमानाचा भाग आहे. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावी आसरा दिला. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे मिशनच्या बोर्डिंगात वाढले आणि म्हणूनच जगले. त्या कार्याला कमीपणा देण्याचा माझा हेतू नाही. परंतु आसरा म्हणजे छप्पर, ताट आणि घंटा एवढेच समजून चालणारी गृहे आपल्याकडे होती आणि आहेत. जेथे तान्ह्या मुलाला सांभाळणारी बाई दर आठ तासांनी आणि दर सहा महिन्यांनी बदलते, तेथे ते कोणाच्या वासाने शांत व्हावे?

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा याच त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर, नागपट्टिणम जिल्ह्यात, सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. आईबाप गमावलेल्या मुलांसाठी सरकारने तेथे गृह उघडले, आणि मदत घेऊन गेलेल्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. अशा वेळी इमारत उभी करणे सोपे असते. इमारतीचे छायाचित्र देणगीदारांना पाठविता येते. मावशी, आजी, चुलते, शेजारी यांच्यापैकी कोण या मुलाला ओळखते, कोणाच्या मांडीवर ते झोपते, हे शोधणे कठीण असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. येथे कायदा मंडळीच्या पुढे गेला आहे, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

आता पुन्हा १ शमुवेल उघडा. हन्नाने मुलगा देवाला देण्याचा नवस केला होता. तरी पती वार्षिक यज्ञास निघाला तेव्हा ती गेली नाही. मुलाचे दूध सुटेपर्यंत थांबेन, असे तिने सांगितले. नवस फेडण्याची घाई तिने केली नाही. दूध सुटल्यावर तिने त्याला शिलो येथे एलीजवळ ठेविले, आणि दर वर्षी एक लहान अंगरखा शिवून ती त्याच्याकडे नेत असे. अंगरखा दर वर्षी थोडा मोठा करावा लागला असेल. शिलोतील ते घर फारसे चांगले नव्हते. एलीचे मुलगे कसे होते हे त्याच अध्यायात आहे. त्या घरात त्या मुलाने रात्री आपल्या नावाची हाक ऐकली आणि तो भ्याला नाही. उठून धावत एलीकडे गेला. आपली मुले शिक्षणासाठी दूर ठेवणाऱ्या आईबापांनी हा वृत्तांत सावकाश वाचावा.

परिपक्व प्रीती

आणखी एक मुद्दा शिक्षकांसाठी. उंदरांच्या अगदी लहान पिलांना भय शिकवून नंतर ते उतरविले तर ते पुसले जाते, परत येत नाही. दूध सुटण्याच्या वयानंतर तसे होत नाही. मोठ्यात भय उतरते, पण मिटत नाही. नव्या शिक्षणाखाली दबून राहते आणि पुन्हा डोके वर काढू शकते. शब्बाथ शाळेत आठ वर्षांच्या मुलाला नरकाच्या वर्णनाने रडविणाऱ्याने हे जाणून असावे. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ खरा. परंतु इब्रीत तो आदर आणि शरणभाव व्यक्त करणारा शब्द आहे, आणि स्तोत्रांत तो भरवशाच्या शेजारी उभा असतो. ज्याला भरवसा कधी ठेवविला गेला नाही, त्याला परमेश्वराचे भय शिकविता येत नाही, नुसते भय शिकविता येते. कलस्सै ३:२१ मध्ये पौल बापांना जे सांगतो ते याच धोक्याविषयी आहे.

योहान म्हणतो की, पूर्ण प्रीती भयाला बाहेर घालविते. ‘पूर्ण’ म्हणून आपण जो शब्द वाचतो तो ग्रीक ‘तेलेयोस’. इब्री ५:१४ मध्ये जड अन्न प्रौढांसाठी आहे असे म्हटले आहे, तेथे हाच शब्द आहे. १ करिंथ १४:२० मध्ये समजुतीने प्रौढ व्हा, तेथेही हाच. तेव्हा योहानाच्या वचनात ‘परिपक्व प्रीती’ असे भाषांतर करण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. सहकाऱ्यांनी तो मान्य केला नाही, आणि चर्चेत वाचताना ‘पूर्ण’ हाच शब्द कानाला बरा लागतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु अभ्यास करणाऱ्याने दुसरा अर्थ जवळ ठेवावा. ज्यांचे भय बालपणीच मुरले आहे, त्यांना ‘तुमच्यात प्रीती पूर्ण नाही, म्हणून तुम्ही भिता’ असे म्हणणे फार क्रूर होते. पिकणारी गोष्ट हळूहळू पिकते. आणि रोम ८:१५ मध्ये भीती आणि दत्तकपण समोरासमोर ठेवले आहेत, तेव्हा दत्तक घेतलेल्याला नव्या घरात निर्धास्त होण्यास वेळ लागतो हेही देवाला ठाऊक असले पाहिजे.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावर येथे मरण पावला. वीस वर्षांचा सरफोजी प्रेताचे अंतिम दर्शन घेण्यास आला, रडला, आणि त्याने त्यावर जरीचे वस्त्र पांघरले. त्याच वर्षी जूनमध्ये तो गादीवर बसला. पुढे त्याने लंडनच्या मिशन संस्थेस पत्र लिहून संगमरवरी स्मारक मागविले. जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने ते घडविले आणि ते किल्ल्यातील चर्चमध्ये आजही आहे. त्यात मरणशय्येवरील श्वार्ट्झचा हात सरफोजीने हातात धरलेला आहे. समाधीच्या दगडावरील इंग्रजी पद्य त्याने स्वतः रचिले. तो ख्रिस्ती झाला नाही. अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या धर्मात राहिला, आणि मिशनच्या वृत्तान्तांत याबद्दलची खंत वाचावयास मिळते. ओरत्तनाडू येथे त्याने बांधलेल्या छत्रात प्रवाशांना अन्न आणि मुलांना शिक्षण मिळत असे. तेथून जवळच, कण्णंदंगुडी या गावी, त्याने गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची वेगळी सोय करून दिली.